शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या खेड्यापाड्यांतून घरोघर बोलली जाते. म्हातारी माणसे ती पोरांच्या कानी घालतात, आणि पोरे मोठी झाली म्हणजे आपल्या पोरांच्या कानी घालतात. म्हण जुनी आहे. ती निर्माण होण्यास कारणेही खरी होती, ती आम्ही पुढे सांगणार आहोत. परंतु आज या म्हणीचा लाभ कोणास होतो, याचा विचार आमच्या शेतकरी-कामकरी बंधुभगिनींनी एकदा शांतपणे करावा, अशी आमची विनंती आहे. ज्याने दुसऱ्याच्या घामाचा दाम दाबून ठेवला आहे, त्यास ही म्हण फार गोड वाटते. मजूर शहाणा होऊन घरी बसला की त्याची थैली आपोआप फुगते. मग असले शहाणपण आमच्या काय कामाचे?

आमच्याच गावची गोष्ट सांगतो. गावात आता लाकडी नांगर राहिला नाही, पाभर राहिली नाही आणि सुताराच्या बलुत्यासही कोणी विचारीत नाही. म्हणून एका सुताराचा मुलगा कामासाठी तालुक्याबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत गेला. त्याच्याबरोबर आणखी सहा पोरे गेली. त्यांत कुणबी होते, कुंभार होता, मांगवाड्यातला एक होता. सर्वांस नेणारा ठेकेदार शेजारच्या गावचा, आपल्यातलाच. काम बारा तास, हजेरी एक. जादा तासांचे काय, असे विचारले तर, "दिवाळीला एकदमच देतो" हे उत्तर. दिवाळी आली. जादा तासांचे पैसे तर राहोच, शेवटच्या दोन महिन्यांचा पगारही मिळाला नाही आणि ठेकेदाराचा फोन लागेनासा झाला.

त्या पोराचा बाप शाळा सुटल्यावर आमच्याकडे आला आणि ओट्यावर बराच वेळ नुसताच बसून राहिला. शेवटी म्हणाला, "गुरुजी, एक कागद लिवून द्या. पन जरा गोडीगुलाबीनं लिवा. मानूस भावकीतला हाय." आम्ही विचारले, "तात्या, किती दिवसांचे किती पैसे राहिले?" तात्यास सांगता येईना. पोरास बोलाविले, त्यासही नक्की सांगता येईना. सातांपैकी एकट्या कुंभाराच्या मुलाने एका शाळेच्या वहीत रोजची तारीख, आत गेल्याची वेळ व बाहेर पडल्याची वेळ लिहून ठेविली होती. तीही त्याच्या बायकोने हट्ट धरला म्हणून. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. पुढे जे काही निष्पन्न झाले, ते त्या चार आण्याच्या शहाणपणाने झाले. ते कसे, हे शेवटी सांगू.

आता म्हणीकडे वळू. आमचे पूर्वज मूर्ख नव्हते. कोर्टाच्या पायरीला ते भ्याले, ते अनुभवाने भ्याले. सावकाराने कर्जरोखा लिहावा, अक्षरशत्रू कुणब्याने अंगठा उठवावा, समन्स कोठे लागले याचा पत्ता लागू नये, आणि एके दिवशी एकतर्फी हुकूमनाम्याने बैलजोडी दारातून सुटून जावी, असा तो काळ होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. त्यांनी पुष्कळ ठिकाणी मुख्यत्वेकरून काय केले? सावकारांच्या घरांतले कागद बाहेर काढले आणि जाळले. आपला शत्रू कागद आहे, हे त्यांस बरोबर समजले होते. पुढे १८७९ साली सरकारास दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला, त्यातही विद्या नसल्यामुळे कुणबी कचेरीच्या दारात कसा नागविला जातो, हे त्यांनी उघड्यावर मांडले. तात्पर्य, त्या काळी कोर्ट त्यांचे, कारकून त्यांचा, कागदही त्यांचा होता. अशा ठिकाणी शहाण्याने पायरी चढू नये हे खरेच होते.

परंतु जोतीरावांच्याच मंडळींनी दुसरा रस्ताही घालून दिला आहे, हे आम्ही विसरतो. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईस परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, जखमी कामगारास पगार या मागण्या त्यात होत्या. आणि त्यात आणखी एक मागणी होती, ती आजच्या विषयाची आहे: केलेल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. पहा, पगार वाढवा एवढेच त्यांनी मागितले नाही; कमावलेला पगार वेळेवर द्या, हेही मागावे लागले! कारण पगार मागे ठेवून कामगारास बांधून ठेवण्याची युक्ती तेव्हाही होतीच. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. आज जो जो नोकरदार रविवारी पाय पसरून झोपतो, तो लोखंड्यांच्या पुण्याईने झोपतो. पगाराच्या तारखेस मात्र फार काळ लागला. १९२९ साली नेमलेल्या शाही कमिशनाने मजुरांच्या हालांची चौकशी केली आणि १९३६ साली पगार देण्याबाबतचा कायदा झाला. किमान वेतनाचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ साली मध्यवर्ती विधिमंडळात आले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला.

हे दोन्ही कायदे आता नव्या वेतन संहितेत विलीन झाले आहेत. ही संहिता २०१९ सालची असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितांविषयी कामगार संघटनांच्या पुष्कळ तक्रारी आहेत आणि त्यांतल्या कित्येक आम्हांसही पटतात. परंतु तो वाद आज बाजूस ठेवू. जे हत्यार हातात आहे त्याची धार कोणत्या अंगास आहे, हे आधी पाहून घेऊ. आमच्या वाचकांनी पुढील गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस वाचून दाखवाव्यात.

पहिली गोष्ट, पगाराची तारीख. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. आठवड्याचा मजूर असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, रोजंदारीवरचा असेल तर पाळी संपताना. कामावरून काढले, अथवा आपण होऊन काम सोडले, तरी दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. "सोडून गेलास, आता दिवाळीनंतर बघू" हे म्हणणे कायद्यास मान्य नाही. लोखंडे १५ तारीख मागत होते. आज कायदा ७ तारीख देतो. मागणारे होते म्हणून मिळाले.

दुसरी, जादा तास. ज्यास कारखान्यांत ओव्हरटाइम किंवा ओटी म्हणतात, त्याचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट आहे. पाळी किती तासांची, हे सरकार ठरविते व मधूनमधून बदलते. परंतु ठरलेल्या वेळेवर घेतलेला प्रत्येक तास दुप्पट दराचा, हा नियम कायम आहे. शिवाय जादा काम कामगाराच्या संमतीने घ्यावयाचे आहे. आता हिशेब करून पाहा. आठ तासांची हजेरी ४८० रुपये धरली तर तासास ६० रुपये पडले. वरच्या चार तासांचे दर तासास १२० प्रमाणे ४८० रुपये होतात. म्हणजे बारा तास राबणाराची एका दिवसात दोन दिवसांची हजेरी भरली! २६ दिवसांत नुसत्या जादा तासांचे १२,४८० रुपये झाले. ठेकेदार एकेरी दर देऊन उपकार दाखवितो, तेव्हा तो महिन्यास ६,२४० रुपये खिशात घालीत असतो, आणि वर्षास ७४,८८०. काहीच देत नसेल तर याच्या दुप्पट. एवढ्या पैशांत पोरीचे शिक्षण होते, घरावर पत्रे पडतात, सावकाराचा तगादा सुटतो. आमच्या घरातून कोणी चोर एवढी रक्कम घेऊन गेला तर आम्ही सारा गाव जागा करू. येथे दरमहा जाते आणि आम्ही गप्प बसतो.

तिसरी, कपात. मनास येईल ते कापून घेण्याची मुभा मालकास नाही. कशाकशाबद्दल कापता येते त्याची यादी कायद्यात आहे, आणि सर्व मिळून कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. दंड करावयाचा तर त्याचे कारण आधी जाहीर केलेल्या यादीत असले पाहिजे, कामगाराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, आणि सर्व दंड मिळून पगाराच्या शेकडा ३ हून जास्त होता कामा नये. जुन्या गिरण्यांत विणकराच्या माथी खराब झालेले कापड मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत असत. आज कापड गेले, आणि बूट, टोपी, जेवण, खोली यांची नावे पुढे आली. नावे बदलली तरी कात्री तीच आहे, हे ओळखावे.

चौथी गोष्ट ठेकेदाराची. "आम्ही तुला कामावर घेतलेच नाही, ठेकेदाराकडे जा," असे कारखान्याचा साहेब म्हणतो, आणि ठेकेदार म्हणतो, "कंपनीनेच बिल काढले नाही." या दोन दगडांमध्ये मजुराचे पीठ होते. कायदा काय म्हणतो? ठेकेदाराने पगार दिला नाही, तर ज्या ठिकाणी काम केले तेथील मालक तो देण्यास जबाबदार आहे. पुढे त्याने ठेकेदाराकडून वसूल करावा, तो त्यांचा आपसातला व्यवहार. मजुराने त्यासाठी उपाशी राहावयाचे कारण नाही.

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. पगार मिळाला नाही अथवा कमी मिळाला, असा दावा मजुराने केला की पगार दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. ज्या कोर्टात आमच्या आजा-पणजास, "कर्ज फेडलेस तर पावती दाखव," असे विचारीत आणि तो गरीब खाली मान घालून उभा राही, त्याच प्रकारच्या ठिकाणी आज, "पगार दिलास तर कागद दाखव," असे मालकास विचारता येते! हा फेर लहान नव्हे. हजेरीपट व पगारपत्रक ठेवणे आणि पगारचिठ्ठी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आपला कायद्याचा हक्क सोडल्याचा करार कोणी लिहून घेतला असला, तरी तो करार रद्दबातल आहे. दावा करण्यास पूर्वी फार थोडी मुदत असे. आता ३ वर्षांची आहे. एकाच अर्जात पाहिजे तितके मजूर सामील होऊ शकतात आणि नोंदलेली युनियनही त्यांच्यातर्फे अर्ज करू शकते. दावा मंजूर झाल्यास थकलेल्या रकमेवर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास आहे. आणि मालकाने तरीही पैसे दिले नाहीत तर वसुली कशी? जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, कलेक्टरमार्फत. शेतसाऱ्याच्या थकबाकीसाठी आमच्या घरांतली भांडी बाहेर निघाली, ते हत्यार आम्ही चांगले ओळखतो. आज ते आमच्या बाजूनेही चालते, एवढेच आम्हांस ठाऊक नव्हते.

येथे एक सूचना. नुसती तक्रार आणि पैशाचा दावा यांत भेद आहे. तक्रारीवरून मालकास दंड झाला, तरी तो दंड मजुराच्या पदरात पडत नाही. म्हणून कामगार खात्याच्या कचेरीत जाल तेव्हा, "माझी थकलेली रक्कम व भरपाई मिळावी" असा दाव्याचा अर्ज करावा, आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे पाण्यात टाकलेला खडा होय.

आता कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण वकिलाचे तोंड कोण भरणार?" हा प्रश्न खरा आहे, आणि याच प्रश्नावर आमचे पुष्कळ लोक मागे फिरतात. त्यांस आमचे सांगणे असे की, वकील फुकट मिळतो. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम घालून, गरिबीमुळे कोणी न्यायास मुकू नये ही जबाबदारी सरकारवर टाकली. त्याप्रमाणे १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला व तो १९९५ पासून अमलात आहे. जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तेथील माणसाने लिहून घ्यावा असे आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

ही मदत कोणास मिळते? कोणत्याही स्त्रीस मिळते, तिचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींतील प्रत्येकास मिळते. अपंगास मिळते. कारखान्यातील कामगारास, कामगार या नात्याने मिळते. वेठबिगारीत सापडलेल्यास मिळते. आणि राहिलेल्यांपैकी ज्यांचे उत्पन्न सरकारने ठरविलेल्या मर्यादेच्या आत आहे, त्या सर्वांस मिळते. आमचे वाचक कोण? शेतमजूर बाया, कुणबी, माळी, धनगर, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग आणि त्यांची कारखान्यांत गेलेली मुले. यांतून बाहेर राहिले किती? फार थोडे. वकिलाची फी, कोर्टाचा खर्च व नकलांचा खर्च या मदतीत येतो. नेमून दिलेल्या वकिलाने वर पैसे मागितले, तर त्याची तक्रार प्राधिकरणाच्या सचिवाकडे करावी. आणि लोकअदालतीत समजुतीने तंटा मिटला, तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो व त्यावर अपील नसते. मात्र म्हणूनच तेथे सही करण्यापूर्वी आकडा दहा वेळा पाहून घ्यावा. घाईघाईने अर्ध्यावर राजी होऊ नये.

वेठबिगार हा शब्द वाचून काही जणांस वाटेल की, ही जुनी गोष्ट झाली. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात वेठ बंद केली, घटनेच्या २३ व्या कलमाने ती साऱ्या देशात बंद झाली, हे खरे. परंतु १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामे चालू होती. तेथील मजुरांस पुरी मजुरी मिळत नाही, असे पत्र एका लोकशाही हक्क संघटनेने न्या. भगवती यांस लिहिले. त्या पत्रासच कोर्टाने अर्ज मानिले आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे ही वेठबिगारीच होय, असा निवाडा केला. कोणी मारून मुटकून नेले नसले, तरी पोटाच्या भुकेने नेले, तीही जबरदस्तीच आहे, हे देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने मान्य केले. आमच्या घरातला पोरगा किमान वेतनाहून कमी पैशांत राबत असेल, तर तो नोकरीस नाही, वेठीस आहे, हे त्याच्या बापाने समजावे.

आता आक्षेप राहिले. पहिला आक्षेप: "दावा केला तर काम जाईल." जाईल, असे आम्हीही पाहिले आहे, खोटा दिलासा आम्ही देणार नाही. म्हणूनच एकट्याने जाऊ नये. सात जणांनी मिळून एक अर्ज केला तर सातांनाही काढणे मालकास जड जाते. आणि काम सुटल्यावरही तीन वर्षे दावा जिवंत राहतो, हे वर सांगितलेच आहे. दुसरा आक्षेप: "फार दिवस लागतात." तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडतात, अधिकारी जागेवर नसतो, एका दिवसाच्या खेपेने एक हजेरी बुडते. हे सारे खरे. परंतु न मागता बसल्याने आजवर कोणाचे पैसे लवकर मिळाले, हे कोणी आम्हांस दाखवून द्यावे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, तो भिडेचा आहे. ठेकेदार भावकीतला, मुकादम सोयऱ्यातला, पुढारी जातीतला. आमच्या चळवळीने भटशाहीविरुद्ध व सावकारशाहीविरुद्ध बोट दाखविले आणि ते योग्यच होते. परंतु आज मजुराच्या हजेरीवर डल्ला मारणारा हात पुष्कळदा आमच्याच घरचा असतो, हे आम्ही न लपविता सांगतो. आपल्यातला माणूस ठेकेदार झाला म्हणून आम्ही त्याच्या गळ्यात हार घालतो, आणि त्याने आमच्याच पोरांची मजुरी बुडविली की जातीच्या अब्रूसाठी तोंड दाबून धरतो. बुडविणाराची जात कोणती, हे पाहून घामाची किंमत कमी-जास्त होते काय? आणि शेतावर मजूर लावणारे आमचे बागायतदार बंधू, तुम्हीही अंतःकरणाशी विचारा. उसाचे बिल आले की मजुरांची बाकी देऊ, असे म्हणून तुम्ही त्या बायांस किती खेपा घालावयास लावता? कारखान्याने तुमचे उसाचे बिल थकविले की तुम्ही रस्त्यावर उतरता. मग त्या बाईचे बिल कोणी द्यावयाचे? जो न्याय आपण मागतो तो आपल्या बांधावर आधी दिला पाहिजे. सत्यशोधक म्हणविणाराने एवढे तरी करावे.

भिडेवर उतारा एकच, तो म्हणजे संघ. पुण्यात बाबा आढावांनी हमालांची पंचायत उभी केली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यात मजुरी व्यापाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता मंडळामार्फत देण्याची व्यवस्था आहे. पाठीवर पोती वाहणारांनी हे मिळविले. त्यांच्यात पदवीधर किती होते? एक होऊन मागणारे मात्र होते.

आता त्या सात पोरांचे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करू. गोडीगुलाबीचा कागद आम्ही लिहून दिला, त्याचे उत्तर आले नाही. मग सर्वजण मिळून तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे गेले. वकीण बाई मिळाल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काही लिहून ठेवले आहे का?" कुंभाराच्या मुलाने वही पुढे केली. दाव्यात ठेकेदार व कारखानदार दोघांसही पक्षकार केले. कारखान्याचा माणूस मस्टर घेऊन आला. त्यात सर्वांची पाळी रोज आठच तासांची! परंतु वहीतल्या वेळा व मोबाइलवर ठेकेदाराने पाठविलेले, "आज रात्रीपर्यंत थांबा" हे निरोप जुळले. मस्टर एका शाईने, एका बसणीने भरलेले आहे, हेही बाईंनी दाखवून दिले. दोन महिन्यांचा पगार सहाजणांस पुरा मिळाला. जादा तासांचे पैसे वहीवाल्यास जवळजवळ सर्व मिळाले. बाकीच्या पाचजणांस तडजोडीने बरेच कमी. सातव्याने मात्र काम लागतानाच कोऱ्या कागदावर सही करून दिली होती. त्यावर, "सर्व रक्कम भरून पावलो" असे उमटले. तो मुलगा तात्याचा. त्याचा दावा अजून चालू आहे, आणि तात्या आता तारखेस त्याच्याबरोबर जातो. परवा आम्ही विचारले, "तात्या, भावकीचे काय?" तो म्हणाला, "गुरुजी, भावकी त्येनं तोडली. म्या तर नुसता हिशेब मागतोय."

म्हणून प्रत्येक घरास आमचे सांगणे आहे. ज्या घरातून कोणी कामास बाहेर जाते, त्या घरात एक वही असावी. रोजची तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, हाती पडलेली रक्कम व देणाराचे नाव, एवढ्या पाच गोष्टी त्यात लिहाव्यात. ज्यास लिहिता येत नाही त्याने शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्याव्यात. कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठा कोणासही, सख्ख्या भावासही, देऊ नये. पगारचिठ्ठी मागावी, गेटपास जपून ठेवावा, मोबाइलवरचे निरोप पुसू नयेत. गावातील तरुण मंडळांनी उत्सवाच्या वर्गणीतून शंभर वह्या वाटाव्यात. त्याहून मोठी पूजा आम्हांस दिसत नाही. आणि दरवर्षी एकदा तालुका समितीच्या वकिलास गावात बोलावून चावडीवर किंवा शाळेत बसवावे. अशी शिबिरे भरविणे हे त्यांच्या कामातच येते.

आमच्या पणजोबांनी सुप्यास कागद जाळला, कारण तो दुसऱ्याने लिहिलेला होता. आज कागद जाळावयाचा नाही, आपल्या हाताने लिहावयाचा आहे. ज्याच्या हाती स्वतःची वही आहे, त्याने कोर्टाची पायरी खुशाल चढावी. शहाणपण आता तेच आहे.